अर्ध्या हातांची खांड

गौरीच्या त्या पहिल्या दिवशी बांधावर कोण कोण व्हतं ते आधी सांगते. चांगुणा व्हती, पंधराची. तिचा चुलतभाव धर्मा व्हता, तिच्याहून थोडा लहान. डोंगरालगतच्या कातकरवाडीवरची सोमी व्हती. त्या तिघांच्या मागनं गावातली नि वाडीवरची हाताला येतील ती पोरं व्हती. वर बांधावर म्हादू तात्या उभे, गावातल्या हातांची मोजणी करायचा मान त्यांचा. त्यांच्या शेजारी माझा दीर बाळकू. आणि मी, हौसा, एक पोर कमरेवर नि एक पदराला. बाकीचं गाव घरात गौरीपुढं बसलेलं. नाव घेतलेल्यांतली आता मी नि चांगुणा दोघीच उरलो. चांगुणा तिकडं तळा गावाला दिली, नातवंडांत हाय.

आता भादवा परत आलाय. बांधाच्या उतारावर तेरडा फुललाय, गुलाबी नि पांढरा. दारात बसलं की खाडीचा वास येतो, खारा नि कुजका, सगळा मिळून. पावनी येतात नागावच्या बाजूनं, नाकाला रुमाल लावतात. मला तो वास आला की भूक लागते, जेवून उठले असले तरी. भादव्यात पोट रिकामं असायचं, ते त्याला अजून आठवतं.

परवा नात आली, पूर्वा. अलिबागला शिकते. मोबाईल घेऊन जवळ बसली नि म्हणली, "आजी, बघ. जगातली गरिबी हटवायला ज्या पोरांनी काम केलं त्यांचा सत्कार हाय. तुझ्या नातीएवढीच पोरं." मी बघितलं. काळी, गोरी, सगळ्या मुलखातली पोरं. कुणी विहिरी केल्या, कुणी शाळा. गळ्यात फीत, हातात काचेचं कायतरी. हसरी व्हती. मला बरं वाटलं. मग ती म्हणली, "तुमच्या वेळी व्हतं का असं कोण?"

मी म्हणले, "व्हतं की. पण त्यांना काच न्हाय मिळाली."

"मग काय मिळालं?"

म्हणले, बस, सांगते. ती लिहिते नि मी बोलते. मधेच माझे शब्द सुधारायला बघते. मी म्हणले, आहेत तसे राहू दे, त्यांना आता कुठं लग्नाला जायचंय.

जगाची गरिबी म्हणजे केवढी, ते मला न्हाय कळत. मला एका टोपाची गरिबी कळते. आखाडात तांदूळ सरला की कण्या. कण्या सरल्या की नाचणीची आंबील, ती पण अशी पातळ की टोपाचा तळ दिसायचा. मग रानातला टाकळा, कुर्डू. खाडीतल्या शिवल्या. माझी लेक तवा चार वर्षांची. तिला भूक लागली की ती रडायची न्हाय, चुलीपुढं जाऊन बसायची नुसती, नि विझलेल्या चुलीत फुंकर मारायची. पोर रडलं तर आईला बरं असतं, ओरडता तरी येतं.

मालक त्याच्या आदल्या वर्षी तापानं गेले. त्याचं काय सांगू. गेले.

आमचं शेत खारातलं. पूर्वाला हे पण सांगावं लागतं, कारण आता तिथं शेत न्हाय, तिवराचं रान हाय. शेत खालती, भरतीचं पाणी वरती, नि दोघांच्या मधी मातीचा बांध. बांध हाय तवर भात हाय. खारं पाणी एकदा आत शिरून मुरलं की तीन वर्षं त्या जमिनीत दाणा व्हत न्हाय. म्हणून बांध सगळ्या गावाचा. पण राखायचा वाटून. या झाडापासनं त्या धोंड्यापर्यंत ह्याचा, पुढं त्याचा. ज्याचा जेवढा वाटा तेवढा त्यानं चिखल लावून, ढेपा रचून उभा ठेवायचा. नि दसऱ्याला बांधावरच्या देवापुढं हातांची मोजणी. बाप्या माणूस म्हणजे पुरा हात. बाई नि पोर म्हणजे अर्धा हात. ज्या घरात पुरा हात न्हाय त्या घराला एक वरीस माफ. दुसऱ्या दसऱ्यालाबी पुरा हात उभा राहिला न्हाय तर त्या घराचा वाटा भाऊबंदाकडं जायचा, नि वाट्याबरोबर शेत.

माझं माफीचं वरीस सरत आलं व्हतं. घरात मी, अर्धा हात. दोन पोरं, ती तर एवढीशी, मोजणीतच न्हाईत. भाऊबंद म्हणजे बाळकू दीर. तो वाईट नव्हता. त्याची पाच पोरं पण चुलीपुढं बसायची. माझं शेत त्याला मिळालं असतं तर ती जेवली असती. हे मला कळायचं, म्हणून त्याच्यावर रागवायला पण जमायचं न्हाय.

चांगुणानं काय केलं व्हतं, पेरणीपासनंच पोरं गोळा केली व्हती. ज्या घरात हात न्हाय, म्हणजे कुणी रांडमुंड, कुणाचा मालक अंथरुणाला, कुणाचा मुंबईला जाऊन परत न आलेला, त्यांच्या वाट्यावर ही पोरं गुरं वळता वळता जायची नि चिखल लावायची. गाव हसायचं. धर्माची आई वाटेत गाठून म्हणायची, "आपला बांध सोडून लोकांच्या बांधाला चिखल लावतोय. लग्न पण लोकांच्या पोरीशी करशील."

धर्मा म्हणायचा, "मग काय घरातल्या पोरीशी करू?"

आई त्याच्या मागं धावायची, तो खाडीत उडी टाकायचा.

सोमीचं तर वेगळंच. तिच्या वाडीला जमीनच न्हाय, बांधात वाटा न्हाय. तिला मी एकदा विचारलं, "तू का येतेस गो, तुझं काय बुडतंय?" तर म्हणली, "वयनी, तुमचं भात पिकलं तर कापणीला आमाला बोलावशील. न्हाय पिकलं तर तू पण आमच्यासारखी कंद खणायला येशील. आधीच कंद थोडं हायेत." असं म्हणून हसली. तिचे दात लय सरळ व्हते.

पिठोरीच्या अवसेला उधाण आलं, वारा पण त्याच दिवशी. दुपारी बांध फुटला. फुटला तो माझ्या वाट्यावर. पोरांनी जेवढा चिखल लावला व्हता तेवढा लावला व्हता, पण चिंबोऱ्यांनी, खाडीतल्या खेकड्यांनी, आतनं बिळं केली, नि पाण्याला बीळ पुरतं. मी गेले तवा खांड पडली व्हती, बैलगाडी जाईल एवढी. नि तिच्यातनं पाणी आत चाललं व्हतं, घाई न करता, घरचंच असल्यासारखं. कमरेएवढं भात उभं व्हतं सगळ्या गावाचं. ते हळूहळू दिसेनासं झालं.

कुणी मला शिव्या न्हाय दिल्या. ते जास्ती जड गेलं. मी पाणवठ्यावर आले की बायका हंडे उचलून चालायला लागायच्या.

आता यात गोष्ट अशी, की खांड कवाबी बुजवता येत न्हाय. अवस-पुनवेला उधाण, तवा पाणी जवळ येऊ देत न्हाय. मधल्या अष्टमीला भांग असतो, पाणी मरगळलेलं असतं, नि भर दुपारी ओहोटी. तेच तीन दिवस. त्यात बुजवली तर पावसाचं गोडं पाणी खार धुऊन काढतं, भात वाचतं. न्हायतर पुनवेचं उधाण उरलंसुरलं घेऊन जातं. नि भादव्यातल्या अष्टमीला आमच्याकडं काय असतं? गौर. तीन दिवस गौर घरात असताना गावातला हात मातीला कुदळ लावत न्हाय. माहेराला आलेल्या लेकीच्या अंगणात खणायचं न्हाय, असा कायदा. आजच्या पोरांना हसू येईल. पण तवा कुणी तो मोडला नसता, उपाशी मेलं तरी.

देवळात बैठक बसली. मी भिंतीबाहेर उभी. बाप्ये एकमेकांकडं बघत व्हते. कुणी म्हणलं, गौर गेल्यावर बघू. तात्या म्हणले, "गौर जाईल तवा भांग पण जाईल." बाळकू खालमानेनं बसलेला.

चांगुणा दारात आली. पोरीनं बैठकीत यायचं नसतं, ती उंबऱ्याबाहेरच राहिली. तिथनं म्हणली, "तात्या, एक विचारू?"

"विचार."

"गावातला हात म्हणजे कुठला? मोजणीतला पुरा ना?"

"मग?"

"आमी अर्धे हाव. अर्ध्या हाताला बंदी हाय का?"

तात्यांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला. कुणीतरी हसलं. धर्माचा बाप म्हणला, "तोंड मात्र पुरं हाय हिचं."

चांगुणा म्हणली, "गौर माहेराला येते. माहेर बुडालं तर पुढल्या वर्षाला कुठं येल? तिला विचारा, तिला चालंल का आमी खणलं तर."

तात्यांनी मळलेली तंबाखू हातावर थापटली. मग म्हणले, "अर्ध्या हाताबद्दल वाडवडलांनी काय सांगितलेलं न्हाय. मला तरी ठाव न्हाय." नि तंबाखू तोंडात टाकली. झालं. तीच परवानगी.

पहिल्या दिवशी गावातल्या पोरी तेरड्याची गौर घेऊन वाजतगाजत घरी चालल्या, नि त्याच वाटेनं उलटी ही पोरं बांधावर. धर्माच्या खांद्यावर लाकडाच्या मेढी, सोमीच्या वाडीची पोरं करंजाच्या फांद्या घेऊन. खांडीत मेढी ठोकायच्या, फांद्या विणायच्या, मधी पेंढा नि चिखलाच्या ढेपा दाबायच्या, पायांनी तुडवायच्या. पेंढा कुणाकडं? भादव्यात गुरांना न्हाय तर बांधाला कुठला. मी माझ्या गोठ्यावरचा काढून दिला. बैल तर मालकांच्या दुखण्यातच विकला व्हता, रिकाम्या गोठ्याला छप्पर कशाला. मी पण उतरले चिखलात. मी सवाशीण न्हाय, गौरीपुढं माझं काय काम नव्हतं. त्या वर्षी पहिल्यांदा मला त्याचं वाईट वाटलं न्हाय.

संध्याकाळच्या भरतीला सगळं उचललं गेलं. पेंढा पोरांनी कोरडाच घातला व्हता घाईत. तो फुगला, तरंगला, नि वर ठेवलेल्या ढेपा घेऊन निघाला. चांगुणा काठावर उभी राहून बघत व्हती. तिला वाटलं असंल आपण रडू. धर्मा म्हणला, "बघ, माझी विणलेली फांदी कशी झोकात चाललीय, मुरुडला पोचल." तवा ती हसली, नि मग रडली. दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी बाकीचे बाप्ये पण आले. हात पाठीमागं बांधून, रांगेनं बांधावर उभे. कुदळीला हात लावायचा न्हाय, पण तोंडाला कुणाची बंदी? असा गलका केला!

"अरे मेढ तिरकी ठोक, पाण्याच्या तोंडाला!"

"पेंढा भिजव आधी, भिजव! चिखलात लोळव म्हशीसारखा!"

"ए धर्म्या, तुझा बाप हिथं उभा हाय म्हणून कमरेवर हात ठेवलास का?"

धर्मा खालनं ओरडला, "बाबा, तुमचे हात मागं का हायेत? खाज सुटलीय का?"

खरंच सुटली व्हती. तात्यांना तर राहवेना. ते बोटानं दाखवायचे, पुढं वाकायचे, नि कुदळ जवळ आली की विस्तवाला हात लागल्यासारखे मागं सरायचे. बाळकू मात्र बोलत नव्हता. तो माझ्याकडं बघत व्हता. मी गळ्यापर्यंत चिखलात नि माझी लेक बांधावर बसून लहान्याला धरून. चार वर्षांची. तिनं मातीचा एक गोळा केला व्हता नि प्रत्येक पोराला जाताना दाखवायची, हा पण घ्या.

खांडीच्या तोंडातनं चिंबोऱ्या निघाल्या, ज्यांनी बांध फोडला त्याच. सोमी हात घालायची नि नांगीला धरून वर काढायची. टोपली भरली. ती म्हणली, "चोर सापडले." आमच्याकडं गौरीला तिखटाचा, म्हणजे मांस-मासळीचा, निवद असतो. त्या संध्याकाळी गावातल्या कितीतरी गौरींनी आमच्या खांडीतल्या चिंबोऱ्या खाल्ल्या. नि वाडीवरच्या पोरीच्या हातच्या हायेत म्हणून कुठली गौर नको म्हणली न्हाय. माणसं एरवी म्हणायची.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या ओहोटीला खांड मिटली. संध्याकाळी गौर खाडीत सोडली, नि ती पाण्यात गेली न गेली तोच बाप्ये कुदळी घेऊन धावत आले, ढोल तसेच गळ्यात. येऊन बघतात तर काय, पोरं बांधावर ओळीनं झोपलेली, चिखलासकट. चांगुणानं एक डोळा उघडला. म्हणली, "आलात का? आता पाय धुवायला पाणी आणा."

अनंत चतुर्दशीला दुपारी भरती चढली. सगळं गाव बांधावर. पाणी वर आलं, माझ्या वाट्याच्या ओल्या मातीला लागलं, जरा थांबलं. एक बोट राहिलं असंल. मी माझ्या पोराचं डोकं छातीशी दाबून धरलं व्हतं, इतकं की ते ओरडलं. मग पाणी उतरायला लागलं.

पुढं तालुक्याचा एक साहेब आला, त्याला कुणीतरी सांगितलं व्हतं. बांध बघितला, छान म्हणला. "कोणी बांधला?" तात्यांनी पोरांकडं हात केला. पोरं बांधाच्या पुढंच उभी व्हती. साहेबानं त्यांच्या डोक्यावरनं बांधाकडं बघितलं नि म्हणला, "हो हो, बांध दिसला. बांधला कोणी?" तात्यांनी परत हात केला. साहेबानं परत बांध बघितला. शेवटी शाळेत सभा झाली, हार पंचांच्या गळ्यात पडले, नि सतरंजी घालायचं काम धर्माकडं आलं. तात्या घरी आले नि हार त्यांनी गोठ्यातल्या म्हशीला घातला. म्हणले, हिला शोभतो.

भात अर्धं आलं. पण अर्धं आलं.

नि मग दसरा. माझा जीव त्या दिवसात अडकला व्हता. बांधावरच्या देवापुढं गाव जमलं. रीत अशी की पुऱ्या हातानं मातीची अख्खी ढेप देवापुढं ठेवायची, अर्ध्या हातानं ढेप मोडून निम्मी ठेवायची. तात्या नाव घेऊन सांगणार, पुरा का अर्धा. एकेक घर झालं. माझं नाव आलं. मी ढेप मोडली, निम्मी ठेवली. तात्या म्हणले, "अर्धा." मग इकडंतिकडं बघितलं. "या घरचा आणखी हात?"

चांगुणा पुढं आली. तिच्या हातात ढेप व्हती.

तात्या म्हणले, "तू तुझ्या बापाच्या घरची ना?"

"आमच्या घरात बाबा हायेत पुरे. मी हौसावयनीच्या घरचा हात."

नि सवयीनं ती ढेप मोडायला लागली. अर्धा नि अर्धा मिळून एक व्हईल, असा तिचा हिशेब असंल. पण रीतीत तसं नव्हतं. दोन अर्ध्यांचा पुरा कवाच झाला नव्हता आमच्या गावात. तात्यांना ते ठाव व्हतं, मला पण. नि शेत कुणाकडं जाणार ते सगळ्यांना ठाव व्हतं. सगळे बाळकूकडं बघायला लागले.

बाळकू पुढं झाला. त्यानं चांगुणाचा हात धरला. म्हणला, "मोडू नको गो."

मग तात्यांकडं न बघता, ढेपेकडं बघत म्हणला, "पुरा म्हणा, तात्या. मी बघितलाय. तीन दिवस हात बांधून बघितलाय."

मला त्याची पाच पोरं दिसत व्हती, मागं उभी.

तात्या म्हणले, "पुरा." मग मोठ्यानं परत म्हणले, "पुरा!" नि धर्माला बोलावलं, पुरा. सोमीला बोलावलं. ती मागं सरली, तिच्या वाडीला वाटाच न्हाय. तात्या म्हणले, "वाटा नसंना, हात हाय ना?" पुऱ्या हाताला कापणीला प्रत्येक शेतातनं एक भारा भात द्यायचा असायचा. त्या वर्षी वाडीवर भात गेलं, मजुरीचं न्हाय, मानाचं. सोमी तो भारा डोक्यावर घेऊन चालली तवा मान अशी ताठ, की वाटेतल्या फांद्या तिला लागत व्हत्या.

सगळं झाल्यावर चांगुणा म्हणते काय, "तात्या, घोटाळा झाला. आता आमी पुरे. पुढल्या गौरीला खांड पडली तर खणायचं कोण?"

तात्या पोट धरून हसले. मी पण हसले. वर्षानं हसले.

शेत राहिलं माझ्याकडं. कापणी झाली तवा मी पहिला भारा बाळकूच्या दारात टाकला, तो न्हाय म्हणला, मी पण ऐकलं न्हाय. पोरं मोठी झाली, चार घास खाऊन मोठी झाली. तीच लेक पुढं मास्तरीण झाली, पूर्वाची आई. पुढं कितीतरी वर्षं नवी पोरं येत राहिली, हात नसलेल्या घरांचा बांध राखत. मग गाव कारखान्यात गेलं, मुंबईला गेलं, बांध एकटा पडला. कवातरी फुटला तो फुटलाच.

पूर्वानं सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "आजी, त्यांचा सत्कार असाच का झाला? एका शब्दाचा?" मी म्हणले, व्हय, एका शब्दाचा. त्या शब्दासाठी एका माणसानं आपल्या पोरांच्या तोंडचं शेत सोडलं. काच फुटते.

तुमी जे कोण हे वाचताय, तुमच्याकडं एवढंच मागणं. तुमच्या घरातलं, आळीतलं एखादं पोर दुसऱ्याच्या भुकेसाठी चिखलात उतरलं, तर हार घाला, नका घालू. पण मोजताना त्याला अर्धं मोजू नका.